तपकिरी वाळूतलं वळं

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. हॉस्टेलमध्ये मैत्रिणी आपोआप फिरणाऱ्या पंख्याच्या गोष्टी सांगायच्या, तेव्हा मी त्यांना वायरिंग तपासून घ्यायला सांगायचे. केमिस्ट्री शिकले, आता लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासते. या ग्रुपवरचे अनुभव दोन वर्षं वाचतेय, पण कधी एक कमेंटही केलेली नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी लिहिताना कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

या अनुभवात रात्र नाही, कुणी मेलेलं नाही, कसला आवाज नाही. जे झालं ते साताऱ्यात, गोडोलीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, तीन फुटी काचेच्या टाकीत. आणि त्यात माझी एक चूक आहे… चूक नाही, मुद्दाम केलेली गोष्ट आहे. ती गाळून हे सांगता येत नाही, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

आम्ही मूळचे सांगलीजवळच्या माधवनगरचे. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मी फार कुणाशी बोलत नसे. शाळेतल्या मुलींना माझं इंग्लिश गावठी वाटायचं आणि गल्लीतल्या मुलींना माझं मराठी शिष्ट. दादाला दोन्ही चालायचं. आमच्या घरी गप्पी माशांची साधी टाकी होती. तिचं पाणी आम्ही दोघं मिळून बदलायचो. तो मला "पार्टनर" म्हणायचा. "पार्टनर, बादली धर." "पार्टनर, पिल्लं मोज."

नववीत असताना मी फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक चित्र काढलं होतं. खाऱ्या पाण्याची टाकी. खडक कुठे, पांढरी वाळू कुठे, नारंगी मासे कुठे, सगळं. दादानं त्याखाली लिहिलं, "नोकरी लागली की पहिलं हेच." खाली सही केली. ती वही माझ्याकडे अजून आहे.

मग दादाचं लग्न ठरलं. वहिनी माण तालुक्यातल्या, दहिवडीच्या पुढच्या एका गावातल्या. त्यांचे वडील पाणाडी. म्हणजे तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून चालतात, आणि जिथे नारळ उभा राहतो तिथे विहीर खोदायला सांगतात. आमच्याकडे यावर सगळे हसले. दादाही हसला. मग तो थांबला. मी मात्र बरेच दिवस हसत होते.

लग्नात मी करवली होते. दुसऱ्या दिवशी अंगठी शोधायचा खेळ झाला. परातीत पाणी, त्यात दूध आणि हळद-कुंकू, त्यामुळे तळ अजिबात दिसत नव्हता. आईनं आपल्या बोटातलं वळं काढून माझ्या हातात दिलं. साधं सोन्याचं वळं, काहीही नक्षी नसलेलं. लहानपणी आईच्या कुशीत झोपताना मी ते तिच्या बोटात गोल गोल फिरवत असे. कुणी कधी म्हटलं नव्हतं, पण ते पुढे माझं होणार असं मी धरून चालले होते.

मी ते तिन्ही वेळा दादाच्या हाताजवळ सोडलं. तिन्ही वेळा वहिनींनी काढलं. त्यांनी चाचपडलंसुद्धा नाही. हात सरळ आत गेला आणि वळं घेऊन वर आला. बायकांनी नुसता गलका केला. आई म्हणाली, "जिंकलीस गं बाई! आता तुझंच हे." आणि वळं त्यांच्या बोटात घातलं.

परात मी धुतली.

वर्षभरानं मला साताऱ्यात नोकरी लागली. मी हॉस्टेल शोधत होते तर दादा फोनवर म्हणाला, "हॉस्टेल कशाला? आमच्याकडे राहा की." आमच्याकडे. मी तो शब्द ऐकला आणि "बरं" म्हणाले.

वहिनी वाईट असत्या तर सोपं झालं असतं. पण त्या माझा डबा भरायच्या, माझी ओढणी इस्त्री करून ठेवायच्या, मला "वन्सं" म्हणायच्या. मी त्यांना "तुम्ही" म्हणायचे. दादा म्हणायचा, "अगं, तू म्हण की." मी म्हटलं नाही. "तुम्ही" म्हटलं की मध्ये जागा राहते.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "समुद्र केवढा असतू ओ? आमच्या तलावाच्या दुप्पट तरी असंल?"

दादा घास हातात धरून हसत सुटला. "तू समुद्र बघितलाच नाहीस?"

"कवा बघणार? आमच्याकडं टँकर आला तरी लोक बघाय जमतात."

पुढच्या महिन्यात टाकी आली. पाठोपाठ कोल्हापूरच्या दुकानातून पांढऱ्या वाळूच्या पिशव्या, खडक, मिठाची बादली. दादा हॉलच्या दारात उभा राहून म्हणाला, "पार्टनर, हा घे तुझा समुद्र."

मी वळून बघितलं. तो त्यांच्याशी बोलत होता.

टाकी लावायचं काम अर्थात माझं. "तुलाच जमतं बाई ते," दादा म्हणाला. मी वाळू सहा पाण्यांनी धुतली. खडक कोरडे आले होते, ते ब्रशनं घासले. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर सगळ्यांनी मला हेच विचारलं : खडकात एखादा खेकडा लपून आला असेल का? नव्हता. मी प्रत्येक भोक टॉर्च मारून बघितलं होतं. आणि महिनाभर तरी मासा, गोगलगाय, काहीही सोडायचं नव्हतं. टाकीत फक्त पाणी, मीठ, वाळू आणि दगड होते.

पाणी खरं तर आरओचं हवं होतं. पण वहिनींचा वाढदिवस तोंडावर आलेला, दादाला घाई. त्यानं सोसायटीच्या बोअरचं पाणी भरलं.

दुसऱ्या सकाळी दादा कंपनीच्या बसनं गेला आणि वहिनी ताट घेऊन आल्या. ताटात हळद-कुंकू, नारळ, खण. मी विचारलं, "हे काय?"

"नवं पाणी आलंय न्हवं घरात? आमच्याकडं बोअरला पाणी लागलं की पयली वटी भरत्यात." त्यांनी काचेला पाच बोटं लावली, आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत चिमूटभर हळद-कुंकू पाण्यात सोडलंसुद्धा.

लहानपणी रंगपंचमीला माझ्या हातचा रंग आमच्या टाकीत पडला होता, तेव्हा दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. वहिनींनी ओटी भरली त्या संध्याकाळी मी त्याला ते सांगितलं. हो, मीच सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "समुद्राची ओटी भरली होय? भारीच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी टाकीतला खडक सरळ करायला आल्या. खाऱ्या पाण्यात नको म्हणून त्यांनी वळं काढून मिठाच्या बादलीच्या झाकणावर ठेवलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या.

मी ते उचललं. माझ्या बोटात घालून बघितलं. बरोब्बर बसलं. मग मी हात टाकीत घातला आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात, मोठ्या खडकाच्या मागे, वाळूत तीन बोटं खोल, अगदी तळाच्या काचेला टेकेपर्यंत ते पुरलं. वरून वाळू सारखी केली, खूण म्हणून खडकाच्या बुडाशी एक खडा टेकवला. हात पुसला. हे सगळं दोन मिनिटांत. मनात इतकंच होतं की जरा शोधू दे. एकदा तरी सापडू नये त्यांना.

त्यांनी घर उलटंपालटं केलं. बादलीतलं मीठ परातीत ओतून चाळलं. केरसुणीचे फड पिंजले. मी काढून द्यायला हवं होतं, पण दुपार झाली, आणि दुपार झाल्यावर काय सांगून देणार? मी लॅबला निघाले (माझी ड्युटी दुपारी बारा ते सहा) तेव्हा त्या दारात आल्या. डोळे लाल. "वन्सं, आईंना कळू देऊ नका. त्यांच्या हातातलं हाय ते… आणि ह्यांनाबी. सापडंल, घरातच हाय."

म्हणजे आता ते गुपित आमच्या दोघींचं झालं होतं. दादानं रिकाम्या बोटाबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बोट सुजलंय वाईच, काढून ठिवलंय." मी ताटातली भाजी चिवडत राहिले.

आठव्या दिवशी वाळूचा रंग बदलायला लागला. आधी पुढच्या काचेजवळ फिकट पिवळट, मग गंज चढावा तशी तपकिरी. दोन दिवसांत सगळा तळ चहाच्या गाळासारखा झाला. मी कोल्हापूरच्या दुकानदाराला फोन केला.

"मॅडम, घाबरू नका हो," तो म्हणाला. "नवीन टाकी हाय, वाळू तपकिरी व्हणारच. बोअरचं पाणी वापरलासा काय?"

"हो."

"मग तर व्हणारच की! सिलिका असतंय त्यात. चार-पाच आठवडे हात लावू नका, आपसूक जातंय."

मी ते तपकिरी थोडं बाटलीत घालून लॅबमध्ये नेलं, मायक्रोस्कोपखाली बघितलं. डायटम. होड्यांसारखे सूक्ष्म जीव, पुस्तकात असतात तसेच. इथपर्यंत सगळ्याचं स्पष्टीकरण आहे, आणि ते मला माहीत होतं.

पण घरी मी ते सांगितलं नाही. वहिनींना वाटत होतं की त्यांच्या हळद-कुंकवानं समुद्र नासला. त्या रोज नळीनं वरची तपकिरी साय ओढून काढायच्या, दुसऱ्या दिवशी ती परत यायची. आईचा माधवनगरहून फोन आला, स्पीकरवर होता. "माशांच्या पाण्याची कुणी पूजा करतं का गं? आमची लेक शिकलेली आहे, तिला विचारायचंस तरी!" वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चुकलं आई." एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं. कुंकवाचा काही संबंध नाही, पाणी दादानं भरलं होतं. "आमची लेक" हे शब्द फार दिवसांनी ऐकत होते.

त्यानंतरच्या सकाळी पहिल्यांदा दिसलं.

साडेनऊ झाले असतील. वहिनी आत पोळ्या करत होत्या. मी चहा घेऊन टाकीसमोर बसले. तपकिरी वाळूवर, पुढच्या काचेपासून वीतभर आत, डाव्या बाजूला एक पांढरं वर्तुळ होतं. डाग नव्हे. आत तपकिरी, बाहेर तपकिरी, आणि दोन्हींच्या मधे फक्त एक बारीक पांढरी गोल रेघ. अंगठीएवढी.

बुडबुडा फुटला असेल, असं म्हणून मी लांब काडीनं वाळू ढवळली. वर्तुळ गेलं.

दुसऱ्या दिवशी परत. या वेळी डावीकडे नाही, मधोमध. तितकंच, तसंच. मी पंप बंद केला, पाण्याचा झोत कुठे पडतो ते बघितलं. झोत उलट दिशेला होता. फोटो काढला, लॅबमधल्या सरांना दाखवला. ते म्हणाले, "तांबं असेल खाली काहीतरी, तांब्यानं हे जीव मरतात."

सोन्यात तांबं असतंच थोडं. पण वळं मागच्या कोपऱ्यात होतं, खडकाच्या मागे, आणि वर्तुळ पुढे, दीड फुटावर. त्या कोपऱ्यातली वाळू तर सगळ्यात जास्त तपकिरी होती.

तिसऱ्या दिवशी वर्तुळ उजवीकडे आलं होतं, पुढच्या काचेला अगदी लागून. त्या बाजूला खाली वहिनींचं लाकडी स्टूल असतं. त्यावर बसून त्या लसूण सोलतात.

तीन वेळा. मला परात आठवली. आता यातून कुणाला काय अर्थ काढायचाय तो काढा, पण त्या क्षणी मला भुताची भीती वाटली नाही. मला राग आला. असं वाटलं की हेही वहिनींच्याच बाजूला चाललंय.

वहिनी भाजी आणायला खाली गेल्या. मी बाही वर केली आणि मागच्या कोपऱ्यात हात घातला. वळं काढायचं, कपाटाखाली टाकायचं, "सापडलं" म्हणायचं, असं ठरवलं होतं. तीन बोटं खोल गेले. तळाची काच लागली. वळं नव्हतं.

खडक जागचा हलला नव्हता. त्याच्या बुडाशी मी लावलेली खूण तशीच होती. मी सगळा कोपरा उपसला. मूठ मूठ वाळू बोटांतून गाळली. नाही. मग खडकाखाली, मग मधे. तपकिरी सगळी उधळून पाणी गढूळ झालं, पिवळट-दुधट, आणि बघता बघता तळ दिसेनासा झाला. ते पाणी मी आधी कुठे बघितलं होतं ते सांगायला नको.

दार उघडल्याचा आवाज आला. माझा हात खांद्यापर्यंत टाकीत होता, कुर्ता भिजलेला.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतील. मग दादाला कळेल, आणि तो काही बोलणार नाही, नुसता माझ्याकडे बघेल… आणि मग मला या घरात, खरं तर कुठल्याच घरात, पूर्वीसारखं "पार्टनर" म्हणणारं कुणी उरणार नाही.

वहिनींनी पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या, आणि हात आत घातला. उजवीकडे, पुढच्या काचेला लागून. चाचपडल्या नाहीत. हात बाहेर आला तेव्हा दोन बोटांत वळं होतं.

मी रडायला लागले. त्यांनी वळं पदरानं पुसलं, बोटात घातलं, आणि म्हणाल्या, "परातीतबी तुमी ह्यांच्याकडंच टाकत हुता. मला दिसत हुतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? भाऊ हाय तुमचा." बांगड्या परत पुढे घेत म्हणाल्या, "माझ्याकडं कुणी असं टाकणारं न्हवतं वन्सं. भाऊच न्हाई मला."

मग मी त्यांना सिलिकाचं सांगितलं. बोअरचं पाणी, डायटम, सगळं. कुंकवाचा दोष नाही म्हणून. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे मातूर आधी सांगायचं हुतं बगा. वळ्यापेक्षा ह्येचा घोर लय हुता मला."

संध्याकाळी दादा आला. पाणी अजून गढूळ. "काय केलंत काय तुम्ही दोघींनी? महिन्याची मेहनत!"

वहिनी लसूण सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "खेळत हुतो."

"काय?"

"खेळत हुतो म्हनलं. तुमास्नी काय त्यातलं?"

आजपर्यंत त्यांनी त्याला दुसरं काही सांगितलेलं नाही.

दुकानदार म्हणाला होता तशी वाळू पाचव्या आठवड्यात आपोआप पांढरी झाली. आता टाकीत दोन नारंगी मासे आहेत. वर्तुळ परत कधी दिसलं नाही. तीन फोटो माझ्याकडे आहेत. बुडबुडा, झोत, तांबं, सगळं म्हणून झालंय. वर्तुळाचं एक वेळ सोडून देते. पण तीन बोटं वाळूखाली पुरलेलं सोन्याचं वळं, जिवंत असं काहीही नसलेल्या टाकीत, खडक न हलवता टाकीच्या दुसऱ्या टोकाला कसं आलं? वहिनींना आधी दिसलं असेल, त्यांनीच हलवलं असेल, असंही मनात आलं. पण मग घर का उलटंपालटं केलं, डोळे का लाल केले? आणि त्या खोटं बोलल्या तर कान आधी लाल होतात, हे मला आता माहीत आहे.

एकदा मी विचारलं, "तुम्ही हात नेमका तिथेच कसा घातलात?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "गार लागतं की तिथं. आमचं आण्णा म्हणत्यात पाण्यावर गेलं की नारळ जड हुतो, मला तसलं काय न्हाई. नुसतं गार लागतं. तुमाला न्हाई लागत?"

आता त्या टाकी साफ करताना वळं काढून झाकणावर ठेवत नाहीत. माझ्या तळहातावर ठेवतात. "धरा," म्हणतात आणि कामाला लागतात. माझ्या लग्नाचं बघणं सुरू झालंय, तर परवा म्हणाल्या, "तुमच्या परातीत मी टाकणार. तुमच्याकडंच टाकती, काळजी करू नका."

मी हसले. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा थांबलेला नाही. फक्त तो दादावरून नाही, वळ्यावरूनही नाही. त्या वळं माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेल्या की कधीकधी मी ते पाण्यात सोडते, डोळे मिटते आणि वाळूवरून हात फिरवते. डावीकडे, मधोमध, उजवीकडे.

काचेवरचं थर्मामीटर सव्वीस दाखवतं. मला सगळीकडे सव्वीसच लागतं.